ऑक्टोबरचं पान

म्युनिकमधल्या एका जुन्या बियर हॉलमध्ये दर गुरुवारी ठरलेल्या टेबलावर ठरलेल्या जागी बसणारा आणि बियरचा थेंबही न घेणारा माणूस मी एकच पाहिला. तो नागपूरचा होता.

आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू. ते माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे. म्युनिकला लागूनच्या उंटरश्लाइसहाइममधल्या आमच्या कंपनीत वरच्या मजल्यावर टेस्टिंग विभागात इंजिनिअर होते. मी खालच्या मजल्यावर, कॉस्टिंगमध्ये. मी दोन हजार दोन साली बायको आणि मुलीला घेऊन तिथं राहायला गेलो, तेव्हा काकांना जर्मनीत येऊन बरीच वर्षं झाली होती. लग्न केलेलं नव्हतं. स्टेशनजवळच्या दोन खोल्यांच्या घरात एकटे राहत. सकाळी सहाला उठून वंदना, पंचशील, मग ज्वारीची भाकरी. ज्वारीचं पीठ ते कुठून मिळवत ते शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं तर म्हणत, "पीठ मिळून राहिलं नं भाऊ, मग पत्ता कायले पाहिजे?"

त्यांच्या डोक्यावर हिरवी लोकरी टोपी असे, बवेरियन म्हातारे घालतात तसली, कडेला पीस खोवलेली. खिशात जवसाच्या चटणीची छोटी बरणी. आणि एक सवय अशी की कुठलीही खाण्यापिण्याची गोष्ट ते आधी नाकाला लावत. बेकरीत ब्रेड घेतला की वास, ऑफिसच्या कँटीनमध्ये सूप आलं की वास. माझ्या बायकोनं पहिल्यांदा जेवायला बोलावलं तेव्हा त्यांनी वरणाची वाटी उचलून नाकाशी नेली. तिला वाटलं, वरण लागलं की काय. काका म्हणाले, "नाही वहिनी. ताईनं लावलेली सवय आहे. आमच्या घरी माणसाच्या बोलण्यावर भरोसा नव्हता. नाकावर होता."

तेव्हा आम्ही हसलो. त्याचा अर्थ पुढे कळला.

तिथल्या एखाद्या मराठी कुटुंबात कुणी नवीन माणूस आला, कुणी पीएचडीचा मुलगा हायडेलबर्गहून किंवा बर्लिनहून दोन दिवस राहायला आला, की काका त्याला त्या बियर हॉलमध्ये नेत. "राजवाडे, म्युझियम तू तुझं पाह्य. मी तुला ह्या गावची चावडी दाखवतो." मी बहुतेक वेळा बरोबर असे, कारण काका सांगत त्यातलं किती खरं हे मला तपासायचं असे. बरंचसं खरं निघे.

हॉल म्हणजे कमानींचं उंच छत, त्यावर फिक्या रंगांत काढलेल्या वेली, खाली लांबच लांब लाकडी टेबलं आणि बाकं. एका कोपऱ्यात बँड. दारातून आत गेलं की भाजलेल्या डुकराच्या मांडीचा, कोबीचा आणि सांडलेल्या बियरचा मिळून एक वास येई. काका दारातच उभे राहून पाहुण्याला तो घ्यायला लावत. मग सुरू होत.

"इथल्या ड्यूकला बाहेरची बियर फार महाग पडून राहिली होती. म्हणून त्यानं घरचीच भट्टी लावली. आपल्याकडे भट्टी म्हटली की पोलीस येतात. इथं ती राजवाड्याला लागून होती!"

मग मठातले साधू. उपासाच्या दिवसांत खायचं नाही, पण पातळ चालतं, असा त्यांचा नियम. तेव्हा साधूंनी बियरच इतकी दाट केली की पोटात भाकरीची जागा भरून निघावी. हे सांगताना काकांना फार आनंद होई. "आपले भन्ते बारानंतर जेवत नाहीत. ह्यांचे बारानंतर पीत."

पांढऱ्या सॉसेजबद्दलही तसंच. वाइसवुर्स्ट नावाचं हे सॉसेज सकाळीच खायचं असतं. त्यानं बाराचे टोले ऐकायचे नसतात अशी तिथली म्हण. पूर्वी बर्फाची सोय नव्हती, पहाटे केलेला माल दुपारी खराब होई, म्हणून. ते गरम पाण्याच्या भांड्यात तरंगत येतं, साल काढायचं आणि गोड मोहरीत बुडवून खायचं. काका पाहुण्याला गंभीर चेहऱ्यानं सांगत, "बाराच्या आत संपव. भन्तेंचा आणि ह्या सॉसेजचा नियम एकच आहे."

स्वतः ते मुळा घेत. तिथला पांढरा मुळा स्प्रिंगसारखा एकसलग कापून, मीठ लावून देतात. त्यावर खिशातली जवसाची चटणी. कधी बटाट्याचा मोठा गोळा, क्नोडल. त्याला स्वतःची चव फारशी नसते, जी असते ती रश्शाची. काकांच्या मते त्या गोळ्याची चूक एवढीच, की तो नागपूरच्या रश्शात पडला नाही.

आणि पुढ्यात एक लिटरचा मग. जाड भाजलेल्या मातीचा, राखाडी, वर निळी नक्षी आणि पत्र्यासारखं झाकण. बाहेरून आत काय आहे ते दिसत नाही. आत आप्फेलशोर्ले असे, म्हणजे सफरचंदाचा रस आणि सोडा. पाचवं शील, म्हणजे दारू न घेण्याचं, मोडायचा प्रश्नच नव्हता. आणि गुरुवार मोडायचाही नव्हता.

मी एकदा त्यांना सरळ विचारलं, "काका, तुम्ही घेत नाही, तर चहाच्या दुकानात का बसत नाही?"

"तिथं कोणी सरकत नाही," ते म्हणाले.

ही सरकण्याची गोष्ट अशी. काका जर्मनीत नवीन होते तेव्हा ऑफिसमधल्या कुणीतरी त्यांना सांगितलं, की म्युनिकच्या बियर हॉलमध्ये जिथं जागा दिसेल तिथं "मोकळी आहे का?" विचारून बसायचं, अनोळखी माणसांच्या टेबलावरही चालतं. हे खरं आहे. पण त्याला अपवाद असतो एक, श्टामटिशचा. ते नेहमीच्या मंडळींचं टेबल. त्यावर पितळी पाटी असते आणि तिथं परका बसत नाही. काकांना ती पाटी राखदाणी वाटली, कारण पाटीखाली खरंच राखदाणी होती. त्यांनी विचारलं, मोकळी आहे का, आणि उत्तराची वाट न पाहता बसले. मुळा मागवला आणि मुळ्याचे शेंडे त्या पाटीखाली ठेवले.

टेबलावर तीन म्हातारे होते. एक ट्राम चालवायचा, एकाची बेकरी होती, तिसरा नुसताच जाडा. त्यांचा चौथा गडी आजारी पडून गेले काही आठवडे येत नव्हता, पुढेही आला नाही. चौघांशिवाय त्यांचा पत्त्यांचा डाव होत नसे आणि डावाशिवाय गुरुवार जात नसे. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ट्रामवाल्यानं काकांना विचारलं, "पत्ते येतात?"

"येतात," काका म्हणाले. त्यांना तेव्हा जर्मन फारसं येत नव्हतं, पण पत्ते येत होते.

"तिघं सरकले, भाऊ," काका सांगत. दर वेळी इथं थांबत आणि हातानं बाकावर सरकण्याची खूण करून दाखवत. "गाव विचारलं नाही, नाव विचारलं नाही, बाप काय करतो विचारलं नाही. सरकले."

तो खेळ शाफकोप्फ, म्हणजे मेंढीचं डोकं. काका लहानपणापासून मेंढीकोट खेळलेले, त्यामुळे त्यांना त्यात काही परकं वाटलं नाही. मला हा खेळ हिशेबामुळे आवडला. सगळ्या पत्त्यांचे मिळून एकशेवीस गुण, एकसष्ट झाले की जिंकलं. काकांना आवडे ती त्यातली दुसरी गोष्ट. खेळणारा एखादा एक्का पुकारतो, आणि तो ज्याच्या हातात असेल तो त्याचा भागीदार. भागीदार कोण, हे तो पत्ता खाली पडेपर्यंत भागीदाराशिवाय कुणालाच ठाऊक नसतं.

भिंतीला लागून एक लोखंडी जाळीचं कपाट होतं. त्यात खण, प्रत्येक खणाला छोटं कुलूप, आत एकेक मग. नेहमीच्या गिऱ्हाइकांचे स्वतःचे मग त्यात राहत. शेजारी पाण्याचा नळ आणि ब्रश. ज्याचा मग त्यानं काढायचा, त्यानंच धुवायचा आणि पुन्हा कुलपात ठेवायचा. वाढणारी बाई त्या मगांना धुण्यासाठी हात लावत नसे. एक खण रिकामा व्हायला कुणाला तरी जग सोडावं लागे, त्यामुळे प्रतीक्षायादी मोठी. काका त्या खणासाठी सात वर्षं थांबले होते. किल्ली घराच्या किल्ल्यांबरोबरच असे.

आता कॅलेंडरचं सांगतो.

हॉलवाले दर वर्षी एक कॅलेंडर छापत आणि नेहमीच्या मंडळींना देत. एका वर्षी त्यात काकांचा फोटो आला. तोही ऑक्टोबरच्या पानावर, कारण तो महिना तिथं बियरचा. फोटो उत्तम होता. वर कमान, डोक्यावर पिसाची टोपी, दोन्ही हातांत लिटरचा मग, मगावर पांढरा फेस (सफरचंदाच्या रसात सोडा घातला की त्यालाही येतो) आणि डोळे मिटून चेहऱ्यावर असं समाधान, की बघणाऱ्यालाही तहान लागावी. काका खूश झाले. नागपूरकडचा एक विद्यार्थी डिसेंबरात घरी निघाला होता, त्याच्याबरोबर त्यांनी एक कॅलेंडर ताईला पाठवलं. ऑक्टोबरचं सांगितलं नाही. गंमत म्हणून.

त्या मगात काय आहे हे काकांना इतकं ठाऊक होतं, की दुसऱ्या कुणाला ते ठाऊक नसेल हे त्यांना सुचलंच नाही.

ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. आईवडील लवकर गेल्यावर काकांना तिनं वाढवलं, शिकवलं. तिचा नवरा दारूनं गेला. जाण्याआधी वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी उंबऱ्यात उभा राहून शपथ घेई, "आज नाही घेतली गं." ती जवळ जाऊन वास घेई. पुढे तिनं वस्तीतल्या बायका गोळा करून दोन गुत्ते बंद पाडले. काका जर्मनीला निघाले तेव्हा तिनं त्यांच्याकडून पाचवं शील सगळ्या विहारासमोर वेगळं म्हणवून घेतलं होतं.

फॉरेनचं कॅलेंडर म्हणून ते नागपूरच्या घरात बाहेरच्या खोलीत लागलं. जानेवारीचा बर्फ, एप्रिलची फुलं, सगळ्यांनी कौतुकानं पाहिली. ताईनं त्यावर गॅस सिलिंडरच्या तारखा मांडल्या. मग ऑक्टोबर आला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा महिना. दीक्षाभूमीवर येणारे गावाकडचे नातेवाईक दर वर्षी ताईकडेच उतरत. आठवडाभर घरात पाय ठेवायला जागा नसे. ताईनं पान उलटलं तेव्हा पहिले पाहुणे बाहेरच्या खोलीत चहा पीत होते.

तिनं पान फाडलं नाही. पुन्हा सप्टेंबर वर केला आणि त्यावर दोन टाचण्या मारल्या. ऑक्टोबर संपल्यावर एकदम नोव्हेंबर लावला. त्या घरात त्या वर्षी ऑक्टोबर आला नाही.

हे सगळं भाच्यानं फोनवर काकांना सांगितलं. "मामा, आई फोनवर यायला तयार नाही. म्हणते, त्याला सांग, फोटोतलं ते टेबल सुटलं की मी बोलीन."

काकांनी मला हे कँटीनमध्ये सांगितलं. पुढ्यातलं सूप त्यांनी त्या दिवशी हुंगलं नाही.

मी म्हटलं, "अहो काका, मग सांगा ना, की सफरचंदाचा रस होता. एका वाक्याचं काम आहे."

"तेच तर वाक्य आहे भाऊ," ते म्हणाले. "भाऊजी हेच सांगत. नाही घेतली गं, सरबत होतं. तिनं आयुष्यभर दारुड्याच्या शपथा ऐकल्या. मी फोनवर बोललो, की माझा आवाज तसाच येईन तिला."

"मग टेबल सोडणार?"

"सोडलं, तर घेत होतो असं होते. नाही सोडलं, तरी घेतो असंच होते." सूप बाजूला सारून म्हणाले, "तिनं इथं येऊन वास घ्यावा. दुसरा इलाज नाही. तिचा निकाल लागेपर्यंत मी तिथं पाय ठेवत नाही. पण जागा रिकामी राहिली तर चौथा नाही. चौथा नाही तर डाव नाही. हॉलवाले ते टेबल टूरवाल्यांना देऊन टाकतील, ते वाटच पाहून राहिले. तुम्ही बसा."

"मी? मला शाफकोप्फ कुठं येतं?"

"एकसष्टपर्यंत मोजता येते नं?"

अशा रीतीनं त्या हिवाळ्यात दर गुरुवारी मी काकांच्या जागी बसलो. मी थोडी बियर घेतो, अर्धा लिटर, त्याहून जास्त नाही. तिघा म्हाताऱ्यांना मी विशेष पसंत नव्हतो. ट्रामवाला म्हणे, "इंजिनिअर वाईट पत्त्यांवरही खेळतो. तू चांगल्या पत्त्यांवरही विचार करतोस." आणि दर आठवड्याला विचारी, "त्याची बहीण आली का?" काका माझ्याबरोबर पाठवत ती जवसाची चटणी संपत आली होती, हेही त्याच्या काळजीचं एक कारण असावं. काकांनी किल्ली माझ्याकडे दिली नाही. त्यांचा मग कुलपात तसाच बंद होता.

ताई पुढच्या मे महिन्यात आली. निमंत्रणाच्या कागदाला जर्मनमध्ये फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग म्हणतात, ते काम मी केलं. विमानतळावर पाहिली तर ठेंगणी, पांढरं लुगडं, केस घट्ट मागे बांधलेले, नाक काकांचंच. काका वाकले. तिनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याच वाकण्यात त्यांच्या तोंडाचा वास घेतला. मी शेजारी उभा होतो. दोघांनीही ते झालंच नाही असं दाखवलं.

पहिले दोन दिवस तिनं घर तपासलं. ओट्याखालची बाटली उघडून तिनं काकांपुढे धरली. "हे काय होय?"

"व्हिनेगर आहे, ताई."

"आंबट वास येऊन राहिला."

"व्हिनेगरच आहे तर!"

घरात काही सापडलं नाही. यावर ताईचं म्हणणं असं, की नवऱ्याच्या वेळीही घरात कधी काही सापडलं नव्हतं. तो बाहेर घेई.

"चल मग बाहेर," काका म्हणाले.

त्या आठवड्यातला गुरुवार सणाच्या सुट्टीचा होता, त्यामुळे म्हातारी मंडळी सकाळीच जमणार होती. काका, ताई, माझी बायको आणि मी एस-बान या तिथल्या लोकलनं गेलो. एरवी काका गाडीत प्रत्येक स्टेशनावर बोलत.  या वेळी टोपी त्यांनी मांडीवर ठेवली होती आणि तिचं पीस सारखं सरळ करत होते. ज्या टेबलानं त्यांना परक्या गावात माणसांत बसवलं ते टेबल आणि जिनं त्यांना माणूस केलं ती बहीण, यांतलं एक त्या दिवशी जाणार किंवा दोन्ही राहणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

दारात तो वास आला. ताई जागच्या जागी थांबली, पदर नाकाला लावला. आत येईल असं मला वाटलं नाही. मग तिनं पदर सोडला आणि भावाच्या मागून चालू लागली.

तिघं म्हातारे उठून उभे राहिले. काकांनी आधी टेबलाकडे न जाता कपाटाचं कुलूप काढलं. आपला मग बाहेर घेतला, झाकण न उघडता. नळाकडे वळले, तेव्हा ताईचा आवाज आला. मोठा नव्हता.

"बाबू. तुया कप येगळा ठेवतात?"

काका थांबले.

"अन् धूनही तूच ठेवतं?" ती म्हणाली. "इतक्या दूर येऊन?"

मला क्षणभर कळलंच नाही काय झालं. बियरचा ती विचारच करत नव्हती. ती जाळीकडे, कुलपाकडे, नळाकडे बघत होती. माझ्या बायकोला माझ्याआधी समजलं. तिनं ताईचा हात धरला.

"गावच्या हॉटेलात बाहेर खिळा होता," ताई तिला सांगू लागली. "आमचे कप त्यावर टांगून राहत. कान तुटलेले. आपणच काढा, वरून चहा ओतून घ्या, आपणच धुवा, पुन्हा टांगा. बाबूले मी तिथं कधी चहा पिऊ नाही देला. म्हटलं, तहानला राह्य, पण त्या खिळ्याले हात नको लावू." आणि भावाला म्हणाली, "अन् इथं येऊन किल्ली घेऊन बसला?"

मी ते कपाट चार वर्षं पाहत होतो. मला त्यात फक्त मग दिसले होते.

काका तिच्याजवळ आले. "ताई, मी पहिल्या दिवशी हे पाहिलं, तेव्हा मलेही तोच खिळा दिसला. उठून चाललोच होतो. मग त्यानं," त्यांनी ट्रामवाल्याकडे बोट केलं, "त्यानं स्वतःचा मग काढला अन् स्वतःच धुतला. मग त्या बेकरीवाल्यानं त्याचा. इथं सगळ्याइचे येगळे आहेत. ज्याचा इथं मग नाही, तो बाहेरचा. तवाच मी नंबर लावला. सात वर्षं थांबलो. म्हटलं, येगळा कप घेईन तर असा घेईन, की लोक त्यासाठी रांग लावतात."

ताईनं जाळीतले मग एकेक करून पाहिले. खूप होते. मग ती म्हणाली, "आण इकडे."

तिनं झाकण उघडलं आणि नाक आत घातलं. सहा-सात महिने बंद राहिलेला मग. सगळं टेबल तिच्याकडे बघत होतं. तिघांना भाषा कळत नव्हती, पण निकाल आहे एवढं कळत होतं. मग तिनं नाक बाहेर काढलं.

"सडक्या सफरचंदाचा वास येऊन राहिला," ती म्हणाली.

मग तिनं ट्रामवाल्याचा मग उचलला, न विचारता. हुंगला, तोंड वाकडं करून खाली ठेवला. मग माझा ग्लास. "तुमी घेता वाटते. घरी माहीत हाय?"

"माहीत आहे," माझी बायको म्हणाली. "अर्धा लिटर. त्यांनी मोजून घेतलेला असतो."

काकांनी आपला मग धुतला, वाढणाऱ्या बाईनं तो नेहमीच्या रसानं भरून आणला. काकांनी तो ताईपुढे ठेवला. तेवढ्यात ट्रामवाल्याला राहवलं नाही. त्यानं काकांना विचारलं, काय चाललंय. काकांनी दोन-तीन वाक्यांत सांगितलं, खिळ्याचंही सांगितलं. ट्रामवाल्यानं ऐकून घेतलं. "बरं, बरं," म्हणाला, मिशी पुसली, आणि हात लांब करून काकांचा मग उचलून तोंडाला लावला. श्टामटिशवर दुसऱ्याच्या मगातून कुणी पीत नाही. त्यानं मोठा घोट घेतला, गिळला आणि त्याचा चेहरा असा झाला की बेकरीवाला हसत बाकावर आडवा पडला.

"पफुई!" ट्रामवाला ओरडला. "हे पितो हा माणूस? इतकी वर्षं? आणि आम्ही याला पत्ते वाटतो?"

ताईला हे भाषांतर करून सांगायची गरज पडली नाही. तिनं त्याच्या हातातून मग घेतला, जिथून तो प्यायला होता तिथूनच एक घोट घेतला, आणि म्हणाली, "साखर जास्त आहे." मग बाकावर बसली. म्हातारे सरकले.

बाराचे टोले पडायच्या आत तिनं एक पांढरं सॉसेज संपवलं. मोहरी गोड असते हे तिला पटलं नाही. तिनं पिशवीतून जवसाच्या चटणीची मोठी बरणी काढून टेबलाच्या मधोमध ठेवली. ट्रामवाल्यानं टोपी काढून तिला सलाम केला. दुपारी डाव झाला तेव्हा ती काकांच्या मागं बसून पत्ते बघत होती. थोड्या वेळानं तिनं माझ्या बायकोच्या कानात सांगितलं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, की तो जाडा माणूस बाबूचा भागीदार आहे आणि लपवून राहिला आहे. बरोबर होतं.

काका दोन हजार आठच्या अखेरीस निवृत्त होऊन नागपूरला गेले. त्यांचा मग बरोबर नेला. तिथल्या रिवाजाप्रमाणे खण टेबलाच्या शिफारशीनं माझ्याकडे आला आणि आता किल्ली माझ्या घराच्या किल्ल्यांबरोबर असते. ट्रामवाला अजून म्हणतो, की मी फार विचार करतो.

मागच्या खेपेला भारतात गेलो तेव्हा नागपूरला ताईकडे जाऊन आलो. स्वयंपाकघरात चहाचे कप खुंट्यांवर ओळीनं टांगलेले होते, त्यांच्यात तो लिटरचा मग. बाहेरच्या खोलीत भिंतीवर तेच जुनं कॅलेंडर. साल केव्हाच उलटलं होतं, पण पान ऑक्टोबरचं. आता त्या घरात बाराही महिने ऑक्टोबर असतो.

मी असतानाच गावाकडचे कुणीतरी नातेवाईक आले. चहा पिता पिता त्यांतल्या एकाचं लक्ष भिंतीकडे गेलं. टोपी, फेस, मिटलेले डोळे. त्यानं काकांकडे पाहिलं, मग चोरून ताईकडे.

 काकांनी चहाची बशी नाकाशी नेली.

"सफरचंदाचं पाणी हाय थे," ताई म्हणाली. "मी सोता वास घेतला."